मायचा गिलास

चित्राखाली पुठ्ठ्याची पाटी चिकटवलेली होती. छापील, सोनेरी काठाची. त्यावर लिहिलं होतं, 'निवांत'.

हे नाव मी ठेवलेलं नव्हतं. मी चित्राच्या मागं काळ्या मार्करनं लिहून दिलं होतं, मायचा गिलास. ते आता भिंतीकडं तोंड करून होतं.

"हौ, बदललंय," वाचनालयाचे सेक्रेटरी सर म्हणाले. "अध्यक्ष वैनींनीच सुचवलं. 'माय' म्हणजे जरा गावठीच वाटतं गं. हे किती गोड आहे बघ. अध्यक्षांनी स्वतः तुझ्या चित्राला नाव दिलंय, नशीब लागतं त्याला."

नशीब! मी मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. नुसती हलवली. मान अशी हलवायची मला लहानपणापासून सवय आहे. ती कुठून लागली ते सांगते.

हे नल्लकुंट्यातलं मराठी लोकांचं सार्वजनिक वाचनालय. खाली पुस्तकांची कपाटं, वर हॉल. मी दिलसुखनगरच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. सुई टोचताना लोक तोंड फिरवतात. मला फिरवता येत नाही. संध्याकाळी घरी येऊन चित्रं काढते. माझी शाळा तेलुगू मीडियमची, मराठी नीट वाचायला मी याच वाचनालयात शिकले, मोठी झाल्यावर, अक्षराला अक्षर जोडत. इथं दरवर्षी हैदराबादेतल्या आपल्या लोकांच्या चित्रांचं प्रदर्शन भरतं. चारमिनार असतो, गणपती असतात, मोर तर असतोच असतो. यंदा पहिल्यांदा माझं चित्र घेतलं. आणि कोपऱ्यात नाही, हां. समोरच्या भिंतीवर, मधोमध, खिडकीच्या शेजारी.

चित्रात एक खिडकी आहे. निळे गज. बाहेरच्या बाजूला शहाबादी फरशीची कड आणि तिच्यावर स्टीलचा एक गिलास, पालथा घातलेला. त्याच्यावर दुपारचं ऊन. बस, एवढंच.

एवढंच नाही खरं तर. गिलासाच्या पोटावर, स्टीलमध्ये दिसतं तशी वाकडीतिकडी होऊन, एक बाई आहे. उकिडवी बसलीय. पुढ्यात भांड्यांचा ढीग. ती माझी माय.

कमिटीतल्या कुणाला माय दिसली नाही. सगळ्यांना ऊन दिसलं. "काय ऊन पकडलंय पोरीनं!" वैनी म्हणाल्या. "मला माझ्या आजोळचीच आठवण आली. किती निवांत होतं गं सगळं तेव्हा."

आजोळ कुठलं घेऊन बसल्या! खिडकी त्यांचीच होती. बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या घराची. स्वयंपाकघराच्या मागची, मोरीजवळची.

माय त्यांच्याकडं धुणंभांडी करायची. बाप गेल्यावर आम्ही नांदेडकडचं गाव सोडून मामाच्या आधारानं इथं आलो, तेव्हापासून. वैनींच्या घरात झाडून साऱ्या भांड्यांवर नाव कोरलेलं होतं. ताटावर, वाटीवर, अगदी चमच्यावर. एकाच गिलासावर काही नव्हतं. तो खिडकीबाहेर राहायचा. मायनं त्यात चहा प्यायचा, नळाखाली धुवायचा, पालथा घालायचा. सगळी भांडी मायच घासायची आणि आत नेऊन मांडायचीसुद्धा. म्हणजे तिचे हात आत चालायचे. तिचा गिलास चालायचा नाही. हे गणित मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर गेले होते. तहान लागली. ओट्यावर मायनं नुकताच घासून ठेवलेला एक गिलास मी उचलला, माठात बुडवला आणि घटाघटा प्याले. वैनी आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातातला गिलास दोन बोटांनी घेतला, मोरीत ठेवला आणि मायला म्हणाल्या, "पोरीला सांगून ठेवत जा गं. तिला बिचारीला काय कळतंय."

मायनं माझ्या थोबाडीत मारली. तिथंच, त्यांच्यासमोर. मग तो गिलास पुन्हा घासला. पुन्हा पुन्हा धुतला. माठ रिकामा केला. वैनी मला म्हणाल्या, "रडू नकोस हं. कळलं ना आता?" मी रडत नव्हते. मी मान हलवली.

गालाचं दुखणं गेलं त्याच दिवशी. पण त्या घरातून बाहेर पडताना मी त्या खिडकीतल्या गिलासाकडं वळून बघितलं, ते बघणं काही गेलं नाही. इतकी वर्षं ते माझ्या डोळ्यांत बसून होतं. शेवटी आबिड्सहून रंग आणले आणि काढून टाकलं. प्रदर्शनाला तेच दिलं. मुद्दाम दिलं. वैनी आता इथल्या अध्यक्ष आहेत हे मला माहीत होतं. मला बक्षीस नको होतं, शाल नको होती, श्रीफळ नको होतं. त्या बाईनं त्या चित्रासमोर उभं राहून खालचं नाव वाचावं, एवढंच हवं होतं. मायचा गिलास. दोन शब्द.

तर त्यांनी त्या दोन शब्दांचंच तोंड भिंतीकडं फिरवलं.

उद्घाटनाला माय आली. निळ्या काठाची पांढरी साडी नेसली होती, जयंतीला नेसते ती. गुडघे गेलेत तिचे, तरी कठड्याला धरून जिना चढली. वैनींनी तिला बघितलं आणि चटकन ओळखलं. खिडकी ओळखली नाही, माणूस ओळखलं.

"अगं बाई, तू! इथं कशी?"

माय हसली. "लेकीचं चित्र हाय, वैनी."

"म्हणजे ही तुझी मुलगी? ती एवढीशी होती ती? कमाल झाली!"

आणि वैनींनी दिवा लावला, मग माइकवर गेल्या. आधी पाहुण्यांचे आभार मानले, मग म्हणाल्या, "या मुलीची आई कितीतरी वर्षं आमच्याकडं होती. कामवाली असं आम्ही कधी मानलंच नाही. घरच्यासारखी होती. ही मुलगी आमच्याच अंगणात खेळत वाढली. आज तिचं चित्र आपल्या भिंतीवर बघताना माझा ऊर भरून येतोय."

टाळ्या पडल्या. मला पुढं बोलावलं. वैनींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ठेवलेलाच ठेवला. फोटो काढणारा म्हणाला, "मॅडम, स्माइल." मी स्माइल दिलं. मागं 'निवांत', बाजूला वैनी, मधे मी. फोटोत सगळं बरोबर बसलं.

मी काय करणार होते, सांगा. त्यांनी शिवी दिली असती तर शिवी परत देता येते. कौतुकाचं काय करायचं? बोलले तर उपकार विसरलेली. गप्प राहिले तर त्यांच्या अंगणात खेळलेली. मी त्या अंगणात कधीच खेळले नव्हते. मी मोरीजवळ बसून राहायचे, मायचं आटपायची वाट बघत.

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. मायनं येऊन माझं मनगट धरलं. घट्ट. "काही बोलू नको, बाई," ती हळूच म्हणाली. "चांगलं बोलायलेत की तुला. लोकं बघायलेत." तिच्या हातातून मनगट सोडवून घेणं मला आजवर कधी जमलेलं नाही. त्या दिवशीही जमलं नाही.

मग चहा आला. कागदी कपांत. अध्यक्षांना कागदी, वॉचमनला कागदी, मायलाही कागदी. मला वाटलं, चला, कप तरी सारखे आहेत. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी माय भिंतीला टेकून उभ्यानंच प्याली. मी कुणाच्या तरी मोराबद्दल काहीतरी ऐकत होते. तेवढ्यात बाहेरच्या गॅलरीतून वॉचमनचा आवाज आला. "अरे अम्मा! वो धोते नहीं, फेंकते!"

मी वळून बघितलं. मायनं गॅलरीतल्या नळाखाली कप धुतला होता. कागदाचा कप. नीट विसळून, पाणी झटकून. ती हॉलच्या खिडकीपाशी आली आणि बाहेरच्या कडेवर तो कप पालथा घातला. माझ्या चित्राच्या अगदी शेजारच्या खिडकीत.

कुणी सांगितलं नव्हतं तिला. तिच्या हातांनीच केलं ते.

सगळ्यांनी बघितलं. वैनी हसायला लागल्या. "अगं वेडे, कागदाचा आहे तो! इतकी वर्षं झाली, पण हिची शिस्त काही गेली नाही हं." सगळे हसले. वाईट हसले नाहीत. प्रेमानं हसले. मायही हसली, तोंडावर पदर धरून.

मी बघत राहिले. भिंतीवर गिलास पालथा, खिडकीत कप पालथा. एकाला हे लोक निवांत म्हणत होते, दुसऱ्याला शिस्त.

मी चित्रापाशी गेले आणि ती सोनेरी पाटी ओढली. गोंद पक्का होता, भिंतीचा पोपडा घेऊन निघाली. हॉलमधले सगळे वळले.

"वैनी," मी म्हणाले, "ही खिडकी तुमची आहे. बरकतपुऱ्याची, मोरीजवळची. आणि हा गिलास मायचा."

वैनी चित्राकडं वळल्या. चष्मा लावून पुढं वाकल्या. त्यांना ऊन दिसलं असेल, गज दिसले असतील. मग त्या गिलासाच्या पोटाशी थांबल्या. तिथली बाई त्यांना दिसली, हे मला त्यांच्या मानेवरूनच कळलं.

त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मायकडं वळून म्हणाल्या, "मी तुला कधी काही कमी केलं का गं?"

"नाही वैनी, नाही," माय घाईघाईनं म्हणाली. "पोरगी येडी हाय. तुम्ही मनावर घेऊ नका."

त्या थपडेपेक्षा हे जास्त लागलं. खरं सांगते. तेव्हा मी लहान होते, आणि मारून झाल्यावर वाटेत तिनं मला पोटाशी धरलं होतं. आता तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

सेक्रेटरी सर जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, तमाशा नको. चित्र उतरव आणि घरी ने. आम्ही काही म्हणणार नाही."

माझे हात खरंच चित्राकडं गेले. तेच सोपं होतं. चित्र काखेत मारायचं, मायला घ्यायचं, ऑटो करायचा. पुन्हा या जिन्याची पायरी चढायची नाही. मग एकदम डोक्यात आलं, यांनाही तेच पाहिजे. मी गेले की भिंत मोकळी. त्या जागी उद्या एक मोर.

"उतरवणार नाही," मी म्हणाले. मान नाही हलवली. तोंडानं म्हणाले.

पर्समधून मार्कर काढला. त्याच पाटीचा पोपडा झटकून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, मायचा गिलास. अक्षर वाकडं आलं. पाटी चित्राच्या चौकटीत खालच्या बाजूला खोचून बसवली. खिडकीतून तो ओला कप आत घेतला आणि चित्राखालच्या स्टुलावर ठेवला. सरळ ठेवला, तोंड वर करून.

माय निघून गेली. मी थांब म्हणाले तर ती थांबली नाही. एकटीच कठड्याला धरून उतरली. मी चित्राशेजारी उभी राहिले, वाचनालय बंद होईपर्यंत. जाता जाता बरेच जण थांबले, वाकले, गिलासाच्या पोटाशी नजर नेली आणि खाली मान घालून गेले. वैनी त्यांच्या आधीच गेल्या होत्या.

घरी पोचले तर सरांचा फोन. "उद्या ते नाव काढ. नाहीतर आम्हाला चित्र काढावं लागेल."

"काढा," मी म्हणाले. "मी खाली दारात हातात धरून उभी राहते. लॅब सुटली की रोज. प्रदर्शन संपेपर्यंत." त्यांनी फोन ठेवला.

माय स्वयंपाकघरात होती, पाठ करून. मी पाणी प्यायला गेले आणि बघितलं. आमच्या खिडकीत, बाहेरच्या कडेवर, तिचा गिलास. पालथा. तो कायमच तिथं असतो. मी रोज बघते. रोज बघून मला तो आजवर दिसलाच नव्हता. घर आमचं. भांडी आमची. समोर बुद्धाची मूर्ती. इथं कोण बाटणार होतं?

मी गिलास आत आणला आणि मांडणीत बाकीच्या गिलासांत ठेवला.

"ठिव तिथं," माय म्हणाली. "मला सवय हाय त्याची."

"नाही."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, गिलास घेतला, परत बाहेर ठेवला. मी परत आत आणला. ती माझ्याकडं बघत राहिली. राग होता तिच्या डोळ्यांत, आणि भीतीही होती. "कुठवर करशील असं?"

"तू बाहेर ठेवशील तवर," मी म्हणाले.

सकाळी उठले तर गिलास पुन्हा खिडकीत होता. मी तो आत आणला, धुतला नाही, तसाच भरून त्यातलंच पाणी प्याले, तिच्या देखत. मग मार्कर पर्समध्ये टाकला आणि बाहेर पडले. संध्याकाळी वाचनालयात जायचं आहे.