उरलेल्या खमिराचं वाटप

बेकरीचं खमीर, पाव फुगवणारं आंबवण, चौदा वर्षं धाकट्या सुनेनं सांभाळलं. रोज सकाळी बरणीतलं अर्धं काढायचं, राहिलेल्या अर्ध्याला पीठ-पाणी द्यायचं आणि काढलेलं मोरीत ओतायचं. हे ओतणं थोरल्या जावेच्या देखत व्हायचं. खमीर बाहेर गेलं तर बेकरीला विचारतो कोण, असा तिचा रास्त सवाल होता. स्वतः तिनं बरणीला कधी हात लावला नाही. ती काउंटरवर बसून, आपण खमीर कसं जिवापाड जपतो, ते गिऱ्हाइकांना सांगायची.

धाकटीचा नवरा वारला आणि महिनाभरात ती घरात सगळ्यांना अडचण वाटू लागली. निघायच्या दिवशी थोरलीनं तिला दारातच थांबवलं.

"पिशवी उघड."

"काय शोधताय, जाऊबाई?"

"खमीर सासूबाईंचं आहे. ते याच घरात राहील."

पिशवीत दोन जोड कपडे, नवऱ्याचा चष्मा आणि कामाचा एप्रन निघाला. थोरलीनं चष्म्याचं घरसुद्धा उघडून पाहिलं. एप्रन मात्र तिनं नाक मुरडून दोन बोटांनी परत कोंबला. त्याच्यावर आठवड्याभराचं खमीर वाळून कडक झालं होतं. पण खमीर बरणीत राहतं, एवढीच तिची माहिती.

दोन गल्ल्या पलीकडच्या भाड्याच्या खोलीत धाकटीनं त्या पापड्या नखानं खरवडल्या, कोमट पाण्यात भिजवल्या, पीठ घातलं. पाचव्या दिवशी बुडबुडे आले. ती उठली आणि शेजारी रिकाम्या बरण्या मागायला गेली.

पाव ती आपल्यापुरताच भाजायची. उरलेलं खमीर मात्र आता मोरीत जाईना. चमचा-चमचा ते शिंपीणबाईकडे गेलं, पोस्टमनकडे गेलं, दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे गेलं. सोबत चिठ्ठी: रोज अर्धं काढा, काढलेलं फेकू नका, शेजारी द्या.

"मन किती मोठं हो तुमचं," शिंपीणबाई म्हणाली.

धाकटीनं ते नाकारलं नाही. मन मोठं होतंच. त्यात जाऊबाई अख्ख्या मावल्या होत्या.

वर्षभरात घरोघरी पाव भाजले जाऊ लागले आणि बेकरीपुढची रांग आटली. थोरलीनं नोकरमाणसं कमी केली, त्यामुळे खमिराची देखभाल पहिल्यांदाच तिच्याकडे आली. तिनं बरणी स्वच्छ असावी म्हणून आत उकळतं पाणी ओतलं. खमीर पुन्हा फुगलं नाही.

चौथ्या दिवशी ती धाकटीच्या दारात उभी.

"आमचं खमीर गावभर वाटत सुटलीस."

"उरलेलं तेवढं वाटते. ते टाकायचं, असं तुमचंच सांगणं होतं. मी लोकांच्या घरात टाकते."

थोरलीनं खुर्चीकडे पाहिलं. बसा कोणी म्हणालं नाही.

"थोडं दे," ती म्हणाली.

धाकटीनं सकाळचं उरलेलं बरणीत भरलं, चिठ्ठी चिकटवली आणि ती सावकाश वाचून दाखवली.

"पाणी कोमट हं, जाऊबाई. नवीन आहात म्हणून सांगते."

थोरलीनं हात पुढे केला. धाकटीनं बरणी मागे घेतली.

"पिशवी उघडा."

"कशाला?"

"आत ठेवते ना."

पिशवी उघडली गेली. रुमाल, किल्ल्या, चष्म्याचं घर. धाकटीनं ते घर काढलं, उघडलं, आतला चष्मा नीट पाहिला, मिटून जागेवर ठेवलं. मग बरणी ठेवली.

"उभी धरा," ती म्हणाली. "सासूबाईंचं आहे, सांडेल."