तिलकवती टीचरांच्या दारातला कोलम

कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काय चाललंय हे विचारावं लागत नाही. पहाटे सडा टाकून तांदळाच्या पिठाचा कोलम, म्हणजे आमची रांगोळी, घातलेला दिसला की घर सुखरूप. दार कोरं दिसलं की कुणीतरी गेलं. मग आम्ही बायका चूलसुद्धा तशीच टाकून तिकडे धावतो.

समोरच्या तिलकवती टीचरांचं दार कधी कोरं दिसलं नाही. शाळेतून निवृत्त झाल्या, पण त्यांच्या डोक्यातली घंटा चालूच राहिली. कोलम, मग कॉफी, मग वाचन, मग पोरींची शिकवणी. "थोडंच करा, पण रोज करा," हा त्यांचा मंत्र. त्यांच्याच धाकाने मी, ओट्यावर बसून चकाट्या पिटणारी वडिवू, चाळिशी उलटल्यावर टायपिंग शिकले आणि विणकरांच्या सोसायटीत नोकरीला लागले. उपकार विसरणाऱ्यातली मी नव्हे.

पण या शिस्तीत त्यांचे यजमान अरुणगिरी अण्णा मात्र उपाशी राहिले. त्यांचं मागणं एकच होतं. संध्याकाळी ओट्यावर तिलकाने शेजारी बसावं, हातात काही काम न घेता. रोज विचारायचे. एवढं आवरलं की बसते, असं रोज उत्तर मिळायचं, आणि ते कधी आवरायचं नाही. एकदा अण्णा मला हसत म्हणाले, "वडिवू, तुझा तिथे वशिला आहे. मला एखादा तास मिळवून दे."

मी टीचरांकडे शब्द टाकला. मार्गळी महिना चालू होता, तेव्हा आमच्याकडे दारोदारी मोठमोठे कोलम पडतात. टीचर म्हणाल्या, मार्गळी संपू दे, मग बसेन.

त्याच मार्गळीतली ती सकाळ. टीचरांचा कोलम नेहमीसारखा रेखीव होता, मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचलेलं. आत रेडिओवर भजन चालू होतं. कामावर जाताना खिडकीतून अण्णा भिंतीकडे तोंड करून पडलेले दिसले. आज सुट्टी का, म्हणून मी त्यांना छेडलं. उत्तर आलं नाही. आतून टीचर म्हणाल्या, झोपू दे त्यांना.

दुपारी जेवायला परतले, तर रेडिओ तसाच चालू, कुणी ऐकत नसल्यासारखा. शिकवणीच्या पोरी दारातूनच परत पाठवल्याचं कळलं. टीचरांनी शिकवणी बुडवली? मी आत शिरले.

टीचर खाटेशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. काहीही न करता. इतक्या वर्षांत त्यांना असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, भीती वाटली ती आधी त्याचीच. उशाशी कॉफीवर जाड साय धरली होती, पेल्याला मुंग्या लागल्या होत्या. टीचरांचा उजवा हात तेवढा हलत होता. नसलेलं पीठ चिमटीत धरून तो मांडीवर ठिपके टाकत होता, रेषा ओढत होता. त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

मी अण्णांच्या पायाला हात लावला. पाय गार होता, लाकडासारखा ताठ.

"टीचर, कधी?"

"पहाटे. मी उठवायला आले तेव्हा हे गेलेलेच होते."

"कोलम घालायच्या आधी?"

"हो." त्या दाराकडे बघत म्हणाल्या, "तो हाताने आपणहून घातला, वडिवू. कॉफीही हातानेच केली. पेला घेऊन इथे आले आणि मग मला कळलं, मी काय केलं ते."

मला रडू आवरेना. कोलम तेव्हाच पुसायचा होता, आम्ही सगळ्या धावत आलो असतो, असं मी म्हटलं.

"म्हणूनच नाही पुसला. तुम्ही आलात की पाणी तापवा, माणसांना कळवा, सगळी कामंच. मग मी कामालाच लागले असते. आज मला यांच्यापाशी बसायचंय." हात मांडीवर चालूच होता. "अजून थोडा वेळ राहू दे."

मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि ओट्यावर बसले. भाजीवाली टोपली सावरत कोलमापाशी थांबली. टीचरांचा हात काय सुरेख चालतो, म्हणाली.

मी हो म्हटलं.