कोयरीच्या ताटल्या

आमच्या दुकानाने आजवर गिऱ्हाइकांना पुष्कळ भेटी दिल्या. त्यातली एकच लोकांच्या लक्षात राहिली, आणि ती आम्ही घरोघर फिरून परत मागून आणली होती.

दुकान धंतोलीत. डॉक्टरांना लागणारं सामान विकायचं: कात्र्या, चिमटे, सुया, रबरी नळ्या. लग्न होऊन मी मोर्शीकडच्या खेड्यातून नागपुरात आले तेव्हा दुकान सुरू होऊन दोन वर्षं होत आली होती, आणि ते तिसरं वर्ष बघणार नाही असं सासऱ्यांचं ठाम मत होतं. (सरकारी नोकरी सोडून कात्र्या विकणाऱ्याला मुलगी देणारे माझे वडील, यांच्याबद्दलही त्यांचं एक मत होतं. ते इथे सांगत नाही.) त्या साली सगळी आशा एका ऑर्डरीवर होती. धंतोलीतल्या एका डॉक्टरबाई दिवाळीच्या पाडव्याच्या मुहूर्तावर बाळंतपणाचा दवाखाना उघडणार होत्या आणि तिथलं झाडून सारं सामान आम्ही पुरवणार होतो. ते वेळेवर पोचलं तर दुकान तरणार होतं. नाहीतर सासऱ्यांनी यांच्यासाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी, एक कारकुनाची खुर्ची हेरूनच ठेवली होती.

दिवाळी तोंडावर आली आणि हे अमरावती-अकोल्याकडे ऑर्डरी घ्यायला निघाले. पायात चपला सरकवत म्हणाले, “यंदा गिऱ्हाइकांले काहीतरी चांगलं द्या लागते वं. दरवर्षी कॅलेंडर देऊन काय होते? आणि मुंबईहून पार्सल येईन, ते उतरवून घेजो.”

ही दोन वेगवेगळी वाक्यं होती. मला ती एकच वाटली.

दुकानात जागा नसल्यामुळे माल आमच्या धरमपेठेतल्या दोन खोल्यांत येऊन पडायचा. पार्सल आलं, मी खोकं उघडलं, आणि गवतातून लख्ख स्टीलच्या ताटल्या निघाल्या. आकार तर असा सुरेख, की एका बाजूने आत वळलेल्या, दुसऱ्या बाजूने फुगीर. हुबेहूब कोयरी! माझ्या माहेरी हळदीकुंकवाला अशीच चांदीची कोयरी होती. मला अगदी भरून आलं. नवरा कात्र्या विकतो, पण मन केवढं रसिक!

मग मी कामाला लागले. स्टीलचं भांडं नाव घातल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. भांड्यांवर नावं घालणाऱ्याला घरी बसवलं आणि प्रत्येक ताटलीत आतल्या बाजूला, म्हणजे फराळ संपला की दिसेल अशा बेताने, खोल कोरून घेतलं: ‘दिवाळीची भेट. गोड मानून घ्यावी.’ खाली दुकानाचं नाव. नंतर चार दिवस तळण काढलं. ताटल्यांत चकल्या, अनारसे, शंकरपाळे रचले, वरून पतंगी कागद बांधला आणि दुकानातल्या धनराजच्या सायकलवरून सगळ्या डॉक्टरांच्या घरी रवाना केल्या. एक खुद्द धनराजलाही दिली. (आत काय आहे ते त्याला कळायला मार्ग नव्हता. मी कागद बांधला की तो सहजासहजी सुटत नाही.)

नरक चतुर्दशीच्या सकाळी हे परतले. अंघोळ करून चकली तोंडात टाकत विचारलं, “पार्सल आलं का?”

“आलं आणि वाटूनही झालं,” मी म्हणाले.

“काय वाटून झालं?”

“ताटल्या. सगळ्यांकडे फराळ भरून पाठवल्या.”

यांनी वाकून पलंगाखालचं खोकं ओढलं. रिकामं खोकं फार हलकं असतं. ते एकदम बाहेर आलं आणि हे मागे बसले.

“अवं, ताटल्या नाहीत त्या. किडनी ट्रे आहेत.”

“म्हणजे?”

“ऑपरेशनमध्ये कापलेलं त्याच्यात टाकते डॉक्टर. पेशंटले उलटी आली तर हनुवटीखाली धरते.”

मी हातातली चकली खाली ठेवली.

“आणि ते डॉक्टरबाईंच्या ऑर्डरीचे होते. पाडव्याले द्याचे आहेत. आता दिवाळीत मुंबईहून दुसरे कोण पाठवते?”

“त्यांच्याकडेही एक पाठवली,” मी म्हणाले. त्या क्षणी लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

हे भिंतीकडे वळले. भिंतीवर आमच्याच दुकानाचं कॅलेंडर होतं. शेवटी ठरलं की घरोघर जाऊन ताटल्या परत आणायच्या. पण खरं सांगितलं तर सबंध धंतोली जन्मभर हसेल, म्हणून यांनी एक कारण शोधलं: स्टीलमध्ये दोष निघाला, कंपनीने परत मागवलंय. डॉक्टर मंडळी फराळाच्या ताटल्या बघायला स्वयंपाकघरात जात नाहीत, हा भरवसा होता. मला ते कारण फार आवडलं. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं.

पहिल्याच घरी, पत्तेवार डॉक्टरांकडे, आमची गाडी अडली. डॉक्टरांच्या बायकोने ताटली दिली, पण लगेच परत ओढून घेतली.

“थांबा बाप्पा, सणासुदीचं रिकामं भांडं कसं दिऊ?”

“राहू द्या हो, घाई आहे.”

“घाई कायची? बसा. चहा घ्या.”

चहा झाला, लाडू झाला, आणि ताटली शिगोशीग भरून माझ्या मांडीवर आली. दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरची ताटली तर शेवेने भरून प्रतापनगरला तिथल्या बाईंच्या नणंदेकडे गेली होती. तिथे गेलो तर नणंदेनेही ती रिकामी द्यायला नकार दिला. भरलेल्या ताटल्या एकावर एक बसेनात. मी स्कूटरच्या मागच्या सीटवर अनारसे छातीशी धरून, हनुवटीने करंज्या दाबून बसले होते, आणि हे प्रत्येक खड्ड्याला मागे न बघता विचारत होते, “आहेत ना वं सगळ्या?” शेवटी सगळा फराळ एकाच पिशवीत ओतत गेलो. धंतोलीचा चिवडा आणि प्रतापनगरचे लाडू एक झाले.

एकाच घरी काम चटकन झालं. तिथल्या आजी पूर्वी मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. आमचा फराळ जसाच्या तसा, चकलीही न मोडता, त्यांनी आमच्या हाती दिला.

“याच्यात मी काय काय धरलं ते सांगू का?” आजींनी विचारलं.

“नको,” आम्ही दोघंही म्हणालो.

पण तोवर दुसरीकडेच भडका उडाला होता. डॉक्टर लोकांकडे त्या काळी फोन असायचे. पत्तेवारांनी कुणाला तरी कळवलं की त्या स्टीलमध्ये दोष आहे. त्याने पुढे कळवलं की त्यातलं खाऊन बाधा होते. पुढच्या घरी गेलो तर डॉक्टर स्वतःच्या पोराला टेबलावर झोपवून त्याचं पोट दाबून बघत होते. पोरगं म्हणत होतं दुखत नाही, आणि डॉक्टर म्हणत होते नीट आठव.

“किती खाल्लं होतं यानं?” यांनी भीत भीत विचारलं.

“तुमच्या दुकानातल्या चिमट्यांचं स्टील कुठलं आहे, ते सांगा आधी,” डॉक्टर म्हणाले.

बाहेर येऊन स्कूटरला किक मारायचं सोडून हे नुसते उभे राहिले. “डॉक्टरबाईंच्या कानावर गेलं असन आतापर्यंत,” म्हणाले. “झालं आपलं दुकान. मी उद्या बाबांसंग त्या नोकरीच्या साहेबाले भेटून येतो.”

मला तोवर हसं होण्याची भीती वाटत होती. आता दुकानाची वाटू लागली. सहा महिने हा माणूस त्या ऑर्डरीसाठी चपला झिजवत होता, आणि एका कोयरीपायी ती जात होती. मी म्हणाले, “चला डॉक्टरबाईंकडे. मी बोलते.”

डॉक्टरबाई दारातच भेटल्या. उंच, चष्मा, आवाज असा की पेशंटने न सांगताच जीभ बाहेर काढावी. त्यांच्या हातात आमचीच ताटली होती आणि तीत दोन शंकरपाळे उरले होते.

“मले फोन आला. तुमच्या स्टीलमध्ये दोष आहे म्हणतात. खरं का?”

मी पुढे झाले.

“स्टील चांगलं आहे, बाई. दोष माझ्यात आहे. मला या कोयऱ्या वाटल्या.” आणि सगळं सांगून टाकलं, पार्सलपासून पिशवीतल्या चिवड्यापर्यंत. सांगताना रडू येत होतं आणि पिशवीतून शेव सांडत होती.

डॉक्टरबाईंनी एक शंकरपाळा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. माझ्या आयुष्यात इतका वेळ टिकलेला शंकरपाळा मी पाहिला नाही.

“हे कोरलेलं निघते का?”

“नाही,” हे म्हणाले. “लई खोल आहे.”

“मग राहू द्या. उकळून आणा. पाडव्याले सकाळी आठले पाहिजेत. आणि त्या बाकीच्यांले मी फोन करते.” मग माझ्याकडे वळून, “शंकरपाळे छान झाले. काहून रडून राहिली वं?”

ऑर्डर वाचली. ट्रे मात्र एक कमीच पडला, कारण धनराजने त्याचा परत दिला नाही. “वैनी, शेठनं कॅलेंडर सोडून पहिल्यांदा काही दिलं,” तो म्हणाला. त्याने तो देवासमोर ठेवला होता, फुलं भरून. आम्ही तो तिथेच राहू दिला. यांनी गिऱ्हाइकांसाठी अमरावतीहून आणलेला पेनांचा खोका (खरी भेट ती होती!) आमच्या घरी पुढे कित्येक वर्षं पुरला. दुकान तिसऱ्या वर्षात गेलं, चौथ्यातही गेलं, आणि सासरे हळूहळू कारकुनाच्या खुर्चीचं बोलेनासे झाले.

थोरलीच्या वेळी मी अर्थातच त्याच दवाखान्यात गेले. कळा सुरू झाल्या आणि एकाएकी पोटात ढवळून आलं. नर्स धावत आली, माझं डोकं पुढे वाकवलं आणि हनुवटीखाली लख्ख स्टीलचं काहीतरी धरलं. मी खाली बघितलं. आतल्या बाजूला, खोल अक्षरांत, मी स्वतः उभं राहून कोरून घेतलेली विनंती होती: गोड मानून घ्यावी.

घेतली. दुसरा इलाजच नव्हता.