वडप्याच्या आंब्याच्या काड्या

पुण्याहून निघताना साहेबांनी तीनदा बजावलं, "फक्त पानं आणायची. बाकी कसला उद्योग करू नका." आमच्या संशोधन केंद्रात आंब्याच्या जनुकांवर काम चालतं. भुरी रोगानं मोहोर झडू नये, फळ चांगलं यावं, ही धडपड. भिवंडीजवळच्या वडपे गावातल्या एका रायवळ (कोयीपासून उगवलेल्या) आंब्याला भुरी लागतच नाही, असं कानावर आलं होतं. डीएनए तपासायला त्याची पानं हवी होती.

भिवंडीला उतरून रिक्षा केली. दोन्ही बाजूंना गोदामं, मधे कंटेनरची रांग. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, इधर आम कहाँ? इकडे फक्त खोकी पिकतात." हसू आलं आणि लगेच रागही आला.

झाड दिसलं आणि मी कपाळावर हात मारला. हाताशी येणाऱ्या सगळ्या फांद्यांचे शेंडे बोडके!

"मेलं, याला तर रोग लागलाय," मी मोठ्यानं म्हणाले.

"रोग तुझ्या डोल्यांना लागलाय," मागून आवाज आला. या बेबीकाकी, झाडाच्या मालकीण. "पानं मीच खुडली. आठ दिस झालं."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. कलमासाठी काड्या कापण्याआधी आठवडाभर शेंड्यांची पानं काढतात, म्हणजे काडीवरचे डोळे (कोंब) फुगतात. मी हे पुस्तकात वाचलं होतं, काकी बापाच्या हाताखाली शिकल्या होत्या. त्यांच्याकडूनच कळलं, दिरांनी झाडाखालची जमीन विकली होती. सोमवारी झाड पडणार होतं, गोदामाच्या रस्त्यासाठी.

"काकी, मला पानंच हवीत."

"वर हायेत की."

वर पोचायला झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) हवा, आणि झेला काकींनी मांडीखाली दाबून धरलेला. "आदी काड्या घे. पानं नेशील, कागद लिवशील. झाड उगवंल का कागदातून?"

साहेबांना फोन लावला. "रोपवाटिकेत जागा नाही. नियमात बसत नाही," ते म्हणाले. माझं डोकंच फिरलं. ज्या झाडाच्या जिवावर आम्ही वर्षानुवर्षं कागद काळे करणार, त्याला वीतभर जागा नाही! फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

"कापा, काकी."

काकींनी काड्या कापल्या आणि पॉवरलूमवरच्या सुती चिंध्या भिजवून त्यात गुंडाळल्या. मग झेला माझ्या हातात दिला. पानं काढून झाल्यावर तांदळाची भाकरी आणि त्याच झाडाचे शेवटचे आंबे पुढ्यात आले. आंबा दोरेदार, पण गोडीला तोड नाही. रस कोपरापर्यंत ओघळला, नमुन्यांच्या पाकिटावरही सांडला. सांडू दे.

पुण्यात पानं केंद्रात दिली आणि काड्या सरळ घरी नेल्या. गच्चीतल्या आंब्याच्या रोपांवर कलमं बांधली. बहुतेक वाळली, तीन फुटली. तांबूस पालवी पाहून मी वेड्यासारखी रडले.

झाड ठरल्या सोमवारीच पडलं. अहवाल अजून यायचाय. जनुक नळीत जपता येईल, पण मोहोर काही नळीला येत नाही, एवढं मला कळलं.

परवा काकींचा फोन आला. "खड्डा खनून ठेवलाय. गोदामाच्या भिंतीला खेटून. तेवडी पट्टी अजून माज्या नावावर हाय."

आज साहेबांच्या टेबलावर रजेचा अर्ज ठेवला. कारणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: वडप्याला आंबा लावायचा आहे.