हनुमंतनानांचं नाक

आमच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लाखांचं मशीन होतं, पण स्पिरिट पास व्हायचं ते हनुमंतनानांनी मान हलवल्यावर. तळहातावर दोन थेंब घ्यायचे, हात चोळायचे, ओंजळ नाकाशी न्यायची. फारच शंका आली तर जिभेला लावून थुंकायचे. "मळी जुनी हाय. परत उकळा." झालं! मी बी.एस्सी., नाना सातवी नापास. माझा नुसता तिळपापड व्हायचा. आणि दोन तासांनी मशीनचा रिपोर्ट यायचा, तो अक्षरशः नानांच्या बाजूनं. एवढं करून हा माणूस दारू म्हणून कधी एक घोट प्यायला नाही.

कोरोनात नाना वाचले, नाक गेलं. नगरचे डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. चार वर्षं झाली, कसलं येतंय! नाना जेवायला बसायचे ते औषध घेतल्यासारखं गिळून उठायचे. घराबाहेर पडेनात. एकदा मला म्हणाले, "गोरक्ष, मी हाय का न्हाई, त्येच कळंना बघ." ज्या माणसाचा मी तीस वर्षं हेवा केला, त्याच्या तोंडचं हे ऐकून त्या दिवशी मला घास गेला नाही.

गेल्या दिवाळीत माझी लेक धनश्री स्कॉटलंडहून आली. शिकते तिकडं. येताना सिंगल माल्ट व्हिस्कीची एक बाटली घेऊन आली. तिकडं म्हणे दलदलीतली काळी माती कापून वाळवतात, जाळतात आणि तिच्या धुरावर जव सुकवतात. मी असा हुरळलो की बाटली पिशवीत घातली आणि तडक काष्टीला नानांच्या घरी. सवयच ती! नवा माल आला की आधी नानांना दाखवायचा. ग्लासात ओतली आणि मग जीभ चावली. अरे गाढवा, नाक गेलेल्या माणसापुढं काय हे! विजयमालावहिनींनी माझ्याकडं जे बघितलं, ते मी विसरणार नाही.

"आन इकडं," नाना म्हणाले. माझं मन मोडायला नको म्हणून, दुसरं काही नाही. दोन थेंब तळहातावर घेतले, चोळले, ओंजळ नाकाशी धरली. वहिनींनी तोंड फिरवलं.

"अगं ए," नाना एकदम ओरडले, "गॅसवर काय ठिवलंय? करपलं की समदं!"

वहिनी "अगंबाई" म्हणत आत पळाल्या. परत आल्या त्या स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या.

"गॅस बंद हाय," त्या म्हणाल्या. "कवाचा बंद हाय."

नाना आपल्या हातांकडं बघत बसले. मग परत दोन थेंब घेतले. पुन्हा ओंजळ नाकाशी धरली. "हुरड्याची आगटी हाय रं ही. पानी मारून इझवलेली." डोळे मिटले. "मागं टिंचर हाय, जखमंला लावायचं. आन थांब, थांब... कायतरी ग्वाड हुतं. गेलं." एक थेंब जिभेवर ठेवला आणि चक्क गिळला. "आधी खारट, मग घशात धूर. लई इमानानं केलाय माल, गोरक्ष. ज्यानं केला त्याला सांग."

मी काय सांगणार, कप्पाळ! मी लहान पोरासारखा रडत होतो.

वहिनी पुढं आल्या. नुकताच लसूण सोललेला हात त्यांनी नानांच्या नाकाशी धरला. नानांनी हुंगला. पुन्हा हुंगला. बराच वेळ तो हात धरून ठेवला.

"न्हाई गं," ते म्हणाले. "अजून न्हाई."

वहिनींनी पदरानं डोळे पुसले, टेबलावरची बाटली उचलली, बूच घट्ट बसवलं आणि मला विचारलं, "भावजी, रोज एकदा हुंगायची म्हटली, तर ही किती दिस पुरंल?"