मोटारीच्या पोटात हळद

रेडिएटरच्या पाण्यात काही औषध घातलं की मोटारीचा हीटर जास्त तापतो का, असं परवा माझा जावई विचारत होता. कुठल्याशा दुकानदारानं त्याच्या गळ्यात एक बाटली मारली होती. मी म्हटलं, "फेकून द्या ती." तो हसला. सासूबाईंना मोटारीतलं काय कळतं, असं ते हसू होतं. मला फारसं कळत नाहीच. पण असल्या बाटलीनं काय होतं ते मी आमच्या घरात पाहिलं आहे, आणि आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

ही मोठ्या लढाईच्या आधीची, पस्तीस सालच्या आसपासची गोष्ट. वडील नाशकात वकिली करत. देवळाली कॅम्पातला एक गोरा साहेब मायदेशी परत निघाला, त्याची मोटार त्यांनी घेतली. काचांच्या खिडक्या असलेली, चारी बाजूंनी बंद गाडी. तिच्यात पुढे, पायांपाशी, पत्र्याची एक गोल पेटी होती. इंजिनातलं तापलेलं पाणी नळीतून त्या पेटीत फिरायचं आणि मागचा छोटा पंखा तिची ऊब पायांवर सोडायचा. वडील भेटेल त्याला सांगत, "हिच्या दम्यासाठी घेतली." आईला दमा होता. थंडीतलं वारं छातीत गेलं की ती दोन-दोन दिवस उशीला टेकून बसून काढायची. वडील खोटं बोलत नव्हते. तेच तर जास्त लागतं.

त्या वर्षी पौषात देवळ्याचा एक कांद्याचा व्यापारी, आईच्या माहेरचा शेजारी, मुद्दाम वाट वाकडी करून घरी आला. ओसरीवर बसला आणि म्हणाला, "ताई, आई लय थकल्यात. अंथरुणातून उठणं नाय. रोज इचारत्यात, पोर कधी येती?" आईनं त्याच संध्याकाळी पिशवी भरली. दोन लुगडी, शाल, आलेपाक. वडील म्हणाले, "रविवारी निघू. हीटर तेवढा नीट होऊ दे, थेट दारात नेऊन उतरवतो."

हीटर नीट नव्हता. पेटीला हात लावला तर विसरून राहिलेल्या चहाइतकी कोमट. यावर वडिलांनी जेवताना आपला सिद्धांत मांडला. "पाणी पातळ, म्हणून लगेच निवतं. वरण बघ, घट्ट असलं की किती वेळ गरम राहतं." त्यांच्यापुढे कोर्टात कुणाचं चालत नसे, घरात कुणाचं चालणार? त्यांनी मुंबईहून औषधाचा एक डबा मागवला. तो यायला एक रविवार गेला. मधासारखं दाट, गुळमट वासाचं काहीतरी होतं, बहुधा ग्लिसरीन. ते रेडिएटरमध्ये ओतलं, आणि आजवर थेंब न गाळणारी गाडी सांध्यासांध्यातून पाझरायला लागली.

मग मिस्त्रीला बोलावलं. आमच्याकडे रेडिएटर गळला की त्यात मूठभर हळद टाकायची रीत आहे. हळद फुगते, भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. सगळे ड्रायव्हर हे करतात आणि ते लागूही पडतं. मिस्त्रीनं हळद मागितली. आईनं स्वयंपाकघरातून डबाच आणून दिला आणि म्हणाली, "जरा जास्तच घाला, भाऊ. मला लवकर निघायचंय."

गळती थांबली. पण हळद बसायची तिथे बसलीच, शिवाय पेटीच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसली. पुढच्या रविवारी वडील मला घेऊन आडगावपर्यंत गाडी फिरवून आले. येताना बॉनेटमधून वाफेचे लोट निघत होते, पिवळं पाणी काचेवर उडत होतं, आणि पायाशी पेटी मात्र गार पडली होती. त्यावर उतारा म्हणून सोडा घातला. त्याचा फेस झाला. आणखी एक रविवार गेला. आईची पिशवी दाराशी होती तशीच होती.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते, तोंडाची फटकळ. वडिलांना म्हटलं, "दादा, आईला सर्व्हिस मोटारीनं जाऊ द्या. मी बरोबर जाते. घोंगडी गुंडाळून बसेल ती."

"दारात मोटार असताना माझी बायको भाड्याच्या गाडीत, कोंबड्यांच्या पाट्यांशेजारी बसून माहेरी जाणार? देवळ्याचे लोक काय म्हणतील?"

आई म्हणाली, "अहो, एकदा मला श्वास कमी पडला तरी चालेल."

"मला चालणार नाही," वडील म्हणाले आणि उठून मोटारीकडे गेले. मला त्यांचा त्या क्षणी इतका राग आला की वाटलं, त्या गाडीच्या काचा फोडाव्यात. आई ताटं उचलायला लागली.

चार दिवसांनी सकाळी त्या व्यापाऱ्याचा माणूस आला. बसा म्हटलं तर बसेना. आईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि भिंतीला टेकून खालीच बसली. तिकडे सगळं उरकूनही झालं होतं.

आता देवळ्याला जायलाच हवं होतं. मिस्त्रीनं येऊन पेटी आणि नळ्या सोडवल्या. तेव्हा सापडलं की पेटीकडे जाणाऱ्या नळीवर, इंजिनापाशी, एक छोटी चावी आहे. उन्हाळ्यात ऊब नको म्हणून साहेबानं ती फिरवून ठेवली असणार. ती जवळजवळ बंदच होती, आणि वर मळ चढलेला. इतक्या दिवसांत तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, ना मिस्त्रीनं ना वडिलांनी. मिस्त्रीनं ती उघडली, उलट्या बाजूनं पाणी सोडून नळ्या धुतल्या आणि रेडिएटरमध्ये विहिरीचं साधं पाणी भरलं. दुपारपर्यंत पेटी चटका बसावा इतकी तापली.

वडिलांचा चेहरा उजळला. भान विसरून त्यांनी अंगणातून हाक मारली, "अगं, ये लवकर! हात लावून बघ!" मग त्यांच्या लक्षात आलं. आई दारात पिशवी घेऊन उभी होती.

आई पुढे बसली, मी मागे. पिंपळगाव बसवंत मागे पडलं. गाडीत इतकी ऊब होती की मला घाम फुटला. आईनं हात लांब केला आणि तिच्या बाजूची काच खाली केली. थंड वारं सरळ तिच्या छातीवर आलं.

"काच वर कर," वडील म्हणाले. "दम लागेल."

"लागू दे," आई म्हणाली. "आता मला कुठं वेळेवर पोचायचंय?"

देवळा येईपर्यंत काच खालीच होती. माहेरच्या दारात तिला घरातल्या दोघी बायकांनी धरून उतरवावं लागलं, आणि पायाशी पेटी अजून तापलेली होती.