मुहूर्ताची वाफ

आबांना हळू बोलता येत नसे. उभा जन्म कारंजा गावातल्या एका कापसाच्या जिनात इंजनापाशी गेला. तिथे ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जायचं नाही, आणि तीच सवय घरी आली. मायला चुलीपाशी बसून काही गुपित सांगू लागले की जिनामागच्या खोल्यांच्या रांगेत ते चार खोल्यांपलीकडे पोचे. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न जमतंय हे तिच्याआधी शेजारणींना कळलं होतं. माय कपाळाला हात लावून म्हणे, "दवंडीवाल्याशी लगन लागलं असतं तं तो घरी तरी चूप बसला असता." आबांना ते पटे. ते मान डोलावत आणि हसत, तेही मोठ्यानेच.

इंग्रजी अमलाची ती शेवटची वर्षं. कापसातून सरकी काढायची यंत्रं वाफेवर चालत आणि ती वाफ आबांच्या हातात असे. आबा इंजन डायवर, आणि माय तिथेच यंत्रांच्या ओळीत बसून कापूस घालणारी. सकाळी माय भाकरी थापी तोवर आम्हा तिघी बहिणींच्या वेण्या आबा घालत. पट्टा आवळावा तशी वेणी आवळत, इतकी की आमच्या भुवया वर चढत. हिवाळ्यात बॉयलरचं कढत पाणी बादलीने घरी आणत. ओळीतल्या बायांच्या शिळ्या भाकरी दुपारी बॉयलरच्या दारापाशी मांडून गरम करून देत.

बायांची कुठलीही तक्रार असो, आबा जिनाच्या मुनीमजींकडे जात. कोणाचं पोर तापलं, कोणाला बाळंतपणाला जायचं, पाण्याचा माठ फुटला, सगळ्याला आबाच. मुनीमजी वैतागून म्हणत, "तू डायवर हाय, वकील नाई." आबा म्हणत, "वकील त्याइले परवडत नाई. मी परवडतो." मुनीमजी हसून काम करून टाकत, कारण नाही म्हटलं तर आबा तेच आणखी मोठ्याने सांगत.

बायांच्या पाठीमागून एक लांब लोखंडी दांडा, शाफ्ट, उघडाच फिरे आणि त्यावरून एकेका यंत्राला पट्टे जात. एका हंगामात ओळीतल्या सकूचा पदर त्या पट्ट्यात गेला. किंकाळी ऐकताच आबांनी वाफ तोडली. पण एवढं जड लोखंड, ते काही लगेच थांबत नाही. सकू वाचली, तिचा उजवा हात वाचला नाही. आबा त्या रात्री जेवले नाहीत. मायला एवढंच म्हणाले, "मी बंद केलं, तरी ते फिरतच राह्यलं."

त्या पावसाळ्यात आबांनी जिनाच्या मालकाच्या, शेठजींच्या मागे लकडा लावला. शाफ्टवर लाकडी झाकण ठोकायचं, बस. शेठ माणूस वाईट नव्हता, पण त्याचं 'बघू' कधी संपत नव्हतं. पोळा झाला, दसरा झाला, आणि दिवाळीनंतर हंगामाच्या मुहूर्ताचा दिवस उजाडला तरी शाफ्ट उघडाच होता.

मुहूर्ताची रीत अशी की डायवराने बॉयलरची पूजा करायची, नारळ फोडायचा आणि त्याच हाताने पहिली वाफ सोडायची. दुसऱ्या कोणाचा हात लागलेला शेठला चालत नसे. एके वर्षी मुहूर्त टळला आणि कापसाची गंजी जळाली, तेव्हापासून त्याने या बाबतीत धसकाच घेतला होता. आबा काय करणार हे आदल्या दिवशीच साऱ्या रांगेला कळलं होतं, कारण ते त्यांनी मायला सांगितलं होतं. माय म्हणाली, "खोली जिनाची हाय. तीन पोरी घेऊन कुठं जासान?"

आम्ही बहिणी दाराशी उभ्या होतो. हळदकुंकू झालं. भटजींनी खूण केली. आबा नारळ हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"आधी झाकण ठोका, शेठजी," ते म्हणाले. "मंग नारय फोडतो."

शेठचा चेहरा लाल झाला. मुनीमजी आबांच्या कानाशी लागले, भटजी उन्हाकडे बघू लागले. बॉयलर तापून धुसफुसत होता. सगळ्यांत आधी भडकल्या त्या बायाच. चार महिने हाताला काम नव्हतं आणि आज पहिल्याच दिवशी खाडा. ओळीतली सर्वांत जुनी बाई रहिमतबी पुढे आली. "भाऊ, आमच्या पोटावर काहून पाय देऊन राह्यले?" तिने विचारलं. आबांनी मान खाली घातली, पण नारळ खाली ठेवला नाही. मायने दुसरीकडे तोंड फिरवलं.

अखेर शेठने सुताराला हाक मारली. गोदामाच्या फळ्या निघाल्या, ठोकाठोक सुरू झाली. शेवटचा खिळा बसला तेव्हा मुहूर्ताची घटका संपत आली होती. आबांनी नारळ फोडला, वाफ सोडली.

झाकण झालं, पण बायांचा अर्धा दिवस गेला होता. त्या हंगामभर त्यांनी आबांशी धड बोलणं ठेवलं नाही. भाकरी बॉयलरपाशी यायच्या बंद झाल्या. हंगाम संपताच मुनीमजींनी खोली रिकामी करायला सांगितली, आणि आम्ही बैलगाडीत भांडी भरून धनज गावी काकांकडे आलो. निरोप द्यायला कोणी आलं नाही. आबा काकांच्या शेतात राबू लागले. अधूनमधून मायला विचारत, "चुकलंच का माझं?" माय कामातून मान वर न करता म्हणे, "मले काय माहीत."

पुढच्या दिवाळीनंतर एका दुपारी रहिमतबी कारंज्याहून गाडीने धनजला आली. आल्या आल्या काकांच्या ओट्यावर बसली आणि सांगू लागली. पावसाळ्यात झाकणाच्या फळ्या कोणीतरी उपटून नेल्या होत्या. नवा डायवर आला, नारळ फुटला, शाफ्ट फिरू लागला. पण ओळीत एकही बाई जाऊन बसली नाही. सगळ्या बाहेर अंगणात उभ्या राहिल्या, फळ्या परत बसेपर्यंत.

"किती वेळ?" आबांनी विचारलं.

"पुरा दिवस गेला."

"बाया चिडल्या असतीन."

"कोणावर चिडतीन, भाऊ? आमीच तं उभ्या होतो."

खांद्यावरच्या दुपट्ट्याने आबांनी डोळे पुसले आणि ते आमच्यापासून लपवलंही नाही. माय उठली. रहिमतबीला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही म्हणत तिने पिठाचा डबा काढला, आणि आबांच्या जवळून जाताना थांबून म्हणाली, "तुमचं चुकलं नव्हतं."